सात समयांच्या नगरांत

(पाठासाठीं वाचावयाचे भाग : प्रकटीकरण अ. १ ते ३. प्रेषितांचीं कृत्यें अ. १९, लूक १३ : १-५, कलस्सै. ४ : १२-१७, फिलेमोन.)

पात्म नांवाच्या बेटावर असतां योहानानें आशियांतील सात मंडळ्यांस जीं पत्रें लिहिलीं, तीं आपल्या उपासनेंत वारंवार वाचलीं जातात, व त्यांवर उपदेशही पुष्कळ होतात. तथापि तीं सात नगरें कोठें आहेत, आज तेथें काय उभें आहे व काय पडलें आहे, हें आपल्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें. आम्हीं चौदा जणांनीं मिळून नुकतींच हीं सातही नगरें पाहिलीं. आमच्यांत पाळक, उपदेशक, शिक्षक व दोन बायबल-स्त्रिया होत्या. प्रवासाची हकीकत छापावी असा पुष्कळ बंधुभगिनींचा आग्रह आहे. परंतु कोणत्या गाडींत बसलों व कोठें काय जेवलों हें सांगण्यापेक्षां, तेथील पडक्या भिंती व किल्ले पाहून या पत्रांचा अर्थ कसा उलगडला, तें पाठरूपानें मांडावें हें आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें.

प्रथम एका प्रश्नाचा निकाल लाविला पाहिजे. निघण्यापूर्वीं आमच्यांतील एका वृद्ध उपदेशकांस त्यांच्या गांवच्या शेजाऱ्यानें विचारलें, "बाबा, तुमच्या आजोबांनीं पंढरीची माळ उतरून ठेविली, आणि आतां तुम्हीच तीर्थाला निघालां होय?" प्रश्न खोंचक होता, पण गैरवाजवी नव्हता. आपल्या पुष्कळ घराण्यांनीं वारी सोडली, नवस सोडले, आणि त्याबद्दल भावकीची बोलणींही सोसलीं. तीं सर्व सोडून दूरदेशीं दुसरें तीर्थ शोधावयाचें असेल, तर मग सोडिलें तें कशासाठीं? याचें उत्तर प्रभूनें शोमरोनी स्त्रीला विहिरीपाशीं दिलेलेंच आहे (योहान ४ : २१-२४). पित्याचें भजन कोणत्याही डोंगरास अगर नगरास बांधलेलें नाहीं. इफिसाच्या मातींत पाप धुण्याचा गुण नाहीं, व तेथें जाऊन आलेला मनुष्य न गेलेल्यापेक्षां तिळभरही पवित्र होत नाहीं. इफिसाजवळच्या डोंगरांत मरियेचें घर म्हणून दाखवितात तेथें एक झरा आहे, व त्याजवळच्या भिंतीवर लोकांनीं कागद व चिंध्या बांधून आपल्या मागण्या ठेविल्या आहेत. त्यांत ख्रिस्ती लोकही असतात व मुसलमानही. आम्ही ती भिंत पाहून उगीच राहिलों. आपल्याकडील नवसाच्या झाडांची आठवण कोणास झाली नसेल असें नाहीं. आम्ही गेलों तें पुण्य जोडावयास नव्हे, तर शेतकरी जसा कागदावरील सातबारा वाचून मग बांधावर जाऊन उभा राहतो, तसें वाचलेलें जमिनीवर ताडून पाहावयास गेलों.

येथें आशिया म्हणजे अवघें खंड नव्हे. रोमी राज्यांत त्या नांवाचा एक प्रांत होता, व तो आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागांत येतो. इफिसाहून उत्तरेस स्मुर्णा, तेथून आणखी उत्तरेस पर्गम, मग आग्नेयेकडे वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया व लावदिकीया, असा या सात नगरांचा एक वळसा होतो. पत्र घेऊन निघालेला मनुष्य ज्या वाटेनें जाईल त्याच क्रमानें योहानानें नांवें घातलीं आहेत, हें विल्यम रॅम्सी या पंडितानें सन १९०४ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें. या मुलखाशीं आपल्या मराठी मंडळ्यांचें एक जुनें नातेंही आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट सन १८१३ मध्यें मुंबईस उतरले, त्याच बोर्डानें पाठविलेले प्लिनी फिस्क व लेव्ही पार्सन्स सन १८२० मध्यें स्मुर्णेस पोहोंचले, व त्याच वर्षीं यांपैकीं कांहीं नगरें पाहून आले. पार्सन्स साहेब सन १८२२ मध्यें आलेक्झांड्रियास व फिस्क साहेब सन १८२५ मध्यें बैरूत येथें मरण पावले.

आतां पाठाकडे वळूं. या सात पत्रांवर एक उपदेश आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं ऐकण्यांत येतो, तो असा : पांच मंडळ्यांस प्रभूनें दोष दिला, त्यांचीं नगरें उध्वस्त झालीं, स्मुर्णा व फिलदेल्फिया या दोघींस दोष दिला नाहीं, तीं नगरें आजवर उभीं आहेत. उपदेश ऐकावयास फार सोपा, व लक्षांत ठेवावयास त्याहूनही सोपा. तो खरा आहे कीं नाहीं, हें जमिनीवर पाहूं.

इफिसांत शिरतांना प्रथम दिसतो तो किल्ला. सेल्चुक नांवाच्या गांवावर आयासुलुकची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर तट व बुरूज आहेत, आणि खालच्या अंगास योहानाच्या नांवानें बांधलेल्या एका प्रचंड मंदिराचे खांब. हें मंदिर सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें, योहानाची कबर येथें आहे अशा परंपरेवरून बांधविलें. आयासुलुक हें नांवसुद्धां योहानास ग्रीक लोक जी पदवी देत, 'हागिओस थेओलोगोस' म्हणजे पवित्र देवज्ञानी, तिचाच अपभ्रंश आहे. मंदिराच्या वाटेवरच्या वेशीस 'छळाची वेस' म्हणतात. तिच्या कमानीवर पूर्वीं एक कोरीव दगड होता. ख्रिस्ती लोकांस पशूंपुढें टाकल्याचें तें चित्र आहे असें जुन्या प्रवाशांनीं समजून घेतलें, व तेंच नांव वेशीस चिकटलें. वास्तविक त्यावर आखिलीज या ग्रीक वीराच्या कथेंतील प्रसंग होता. कोट बांधणारांनीं जुना दगड हातास लागला तसा वर चढविला, आणि पाहणारांनीं त्यांत आपल्या मनांतला अर्थ घातला. ही गोष्ट उपदेशकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें आहे.

मूळ नगर टेकडीपासून थोडें दूर आहे. तेथें संगमरवरी फरसबंदीचे रस्ते, सेल्सस नांवाच्या अधिकाऱ्याच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत, आणि डोंगराच्या उतारावर कोरलेलें सुमारें २५,००० माणसांचें उघडें नाट्यगृह आहे. ग्रंथालयाशेजारची तीन कमानींची वेस माझियस व मिथ्रिदातीस या दोघांनीं बांधली, व हे दोघेही एके काळीं दास होते. मुक्त झाल्यावर त्यांनीं आपलीं नांवें तीवर कोरविलीं. नाट्यगृहांत आम्हीं प्रेषितांच्या कृत्यांचा १९ वा अध्याय वाचला. देमेत्रिय सोनारानें उठविलेल्या दंग्याच्या वेळीं लोक येथेंच धांवत आले व दोन तास अर्तमीचा जयघोष करीत राहिले. याच नाट्यगृहाच्या भिंतींतील एका लेखानें अर्तमीचें हरवलेलें देऊळ सांपडलें, ती हकीकत सांगण्यासारखी आहे. जॉन टर्टल वुड हा आगगाडीच्या स्टेशनांचे नकाशे करावयास आलेला इंग्रज स्थापत्यकार. त्यानें सन १८६३ पासून देवळाचा शोध चालविला. जगांतील सात आश्चर्यांत गणलेल्या त्या इमारतीचा एक दगडही जमिनीवर दिसत नव्हता. शेवटीं नाट्यगृहांत सांपडलेल्या लेखांत, देवीच्या सोन्यारुप्याच्या मूर्ति मिरवणुकीनें कोणत्या वेशींतून आणाव्या व कोणत्या वेशींतून परत न्याव्या, तें लिहिलेलें आढळलें. पालखीच्या त्या मार्गाचा माग काढीत वुड साहेब चालले, आणि सन १८६९ च्या शेवटच्या दिवशीं सुमारें वीस फूट गाळाखालीं देवळाची फरशी लागली. आज तेथें एका तळ्याच्या कांठीं तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे, आणि त्यावर करकोच्यांनीं घरटें केलें आहे.

इफिस मेलें तें कशानें? एका नदीनें. तिनें वर्षानुवर्षें गाळ आणून बंदर भरून टाकिलें. आतां समुद्र तेथून तीन-चार मैल दूर आहे. बंदर गेलें तसा व्यापार गेला, दलदलीचा हिंवताप आला, आणि लोक हळूहळू आयासुलुकच्या टेकडीकडे सरकले. यास शेंकडों वर्षें लागलीं. मंडळी मात्र नगराबरोबर बुडाली नाहीं. समई काढून टाकीन ही धमकी पश्चात्ताप न केल्यास होती, हें आपण विसरतों (प्रकटी. २ : ५). दुसऱ्या शतकाच्या आरंभीं इग्नाशियस हा अंत्युखियाचा बिशप रोमेस मरावयास नेला जात असतां त्यानें इफिसाच्या मंडळीस पत्र लिहिलें. त्यांत तो तिची प्रीति व खोट्या शिक्षकांस थारा न देण्याची दृढता यांची वाखाणणी करितो. सन ४३१ मध्यें सर्व ख्रिस्ती जगाची धर्मसभा याच नगरांत भरली. जवळच्या डोंगरांतील शिरिंजे गांवांत तर ग्रीक ख्रिस्ती सन १९२२ पर्यंत राहत होते. ज्या मंडळीची समई विझली म्हणून आपण सांगतों, ती या आसपासच्या प्रदेशांत अठराशें वर्षें तेवत होती.

आतां क्रम सोडून, त्या सोप्या उपदेशांतील दोन निर्दोष मंडळ्या आधीं घेऊं.

स्मुर्णा म्हणजे आजचें इझ्मीर, तुर्कस्तानांतील तिसरें मोठें शहर. त्याच्या माथ्यावर कादिफेकाले, म्हणजे मखमली किल्ला, आहे. तटावर चढलें कीं सर्व आखात एका दृष्टींत येतें. याच नगरांत सन १५५ च्या सुमारास बिशप पॉलिकार्प यास जिवंत जाळलें. शहाऐंशीं वर्षें ज्याची चाकरी केली त्या राजास मी शिव्या कशा देऊं, अशा अर्थाचें त्याचें उत्तर आपल्या शाळांतील मुलांसही ठाऊक आहे. मरणापर्यंत विश्वासू राहा, असें ज्या मंडळीस लिहिलें होतें तिनें तें अक्षरशः पाळलें. नगर उभें राहिलें, हें खरें. परंतु किल्ल्यावरून खालीं पाहतांना जुन्या ग्रीक व आर्मेनी वस्त्या कोठें होत्या असें विचारलें, तर बोट दाखवावें असें फारच थोडें उरलें आहे. सन १९१९ च्या मे महिन्यांत ग्रीसचें सैन्य या बंदरांत उतरलें. तीन वर्षें युद्ध झालें, व त्यांत दोन्ही बाजूंनीं खेडींच्या खेडीं जाळलीं. ता. ९ सप्टेंबर १९२२ रोजीं तुर्की सैन्य शहरांत शिरलें. ग्रीक मंडळीचा मुख्य अध्यक्ष ख्रिसोस्तोमोस जमावाच्या हातून मारला गेला. ता. १३ स आग लागली, ती कित्येक दिवस जळत राहिली, आणि पुढें आग व मागें सैन्य अशा स्थितींत लाखों माणसें धक्क्यावर जहाजांची वाट पाहत उभीं होतीं. जिला एकही दोष दिला नव्हता, त्या मंडळीच्या नगरांत हें घडलें.

फिलदेल्फिया म्हणजे आजचें अलाशेहिर. भोंवतालीं द्राक्षांचे मळे. बेदाण्याचा मोठा व्यापार चालतो. आमच्यांतील नाशिककडील एक शिक्षक मळेवाल्याशीं खाणाखुणांनींच अर्धा तास बोलले! जुन्या नगरांतील योहानाच्या नांवाच्या मंदिराचे विटांचे जाडजूड खांब गांवाच्या मधोमध उभे आहेत, आणि आमचे सर्व लोक तेथें जातांच तिसऱ्या अध्यायाची १२ वी ओंवी काढून बसले. आशिया मायनरच्या आंतल्या भागांत तुर्कांच्या हातीं शेवटीं गेलेलें हें ख्रिस्ती नगर, सन १३९० मध्यें पडलें. तें घेणाऱ्या बायझीद सुलतानाच्या छावणींत कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती राजघराण्यांतील मॅन्युएल यास आपली फौज घेऊन हजर राहावें लागलें, इतका तो सुलतानाच्या दाबाखालीं होता. त्याहून वाईट पुढें आहे. सन १९२२ च्या सप्टेंबरांत हें गांव जळलें, तें माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्यानें जाळलें. त्या सैन्याच्या ध्वजावर क्रूस होता. त्यानंतर ता. ३० जानेवारी १९२३ च्या लोझानच्या करारानें, धर्म पाहून माणसांची अदलाबदल झाली. दहा लाखांहून अधिक ख्रिस्ती तुर्कस्तानांतून ग्रीसमध्यें गेले, व साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानांत आले. पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबें तुर्की भाषाच बोलत होतीं. नव्या देशांत त्यांस शेजाऱ्याशीं बोलतां येईना.

आतां हिशेब करा. सातांपैकीं स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा व फिलदेल्फिया हीं चार नगरें आज वस्तीचीं आहेत, व त्यांतील दोघांच्या मंडळ्यांस दोष दिला होता. इफिस, सार्दीस व लावदिकीया हीं तीन ओसाड आहेत. एकाचें बंदर भरलें, बाकीच्यांस धरणीकंप, लढाया व बदललेले रस्ते भोंवले. पांच व दोन असा जो हिशेब आपण सांगतों, तो जमिनीवर जुळत नाहीं. त्या वेशीवरच्या दगडासारखा, त्यांत अर्थ आपण घातलेला आहे.

हा केवळ भूगोलाचा वाद आहे असें कोणीं समजूं नये. पडलेलें नगर पाहून तेथल्या लोकांचें पाप मोजणें ही संवय एकदां जडली म्हणजे ती पडलेल्या नगरांपाशींच थांबत नाहीं. सन १९९३ च्या ता. ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारी व आसपासचीं गांवें धरणीकंपानें भुईसपाट झालीं, व हजारों माणसें आपल्याच घरांच्या दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. त्यांच्या दारीं जाऊन, तुमच्यावर हें कां आलें तें सांगतों, असें म्हणावयास कोणता उपदेशक धजेल? आणि आपल्या लोकांनीं तर हें दुसऱ्या बाजूनेंही सोसलें आहे. गांवांत पटकी आली कीं देवी कोपली ती या बाटलेल्यांमुळें, असें म्हणून विहिरीवरून हांकलून दिलेलीं कुटुंबें आपल्या जुन्या मंडळ्यांत होतीं. शिलोहाचा बुरूज ज्या अठरा जणांवर पडला ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असा प्रश्न प्रभूनें स्वतःच काढून त्यास स्वतःच नाहीं म्हणून उत्तर दिलें आहे. लूकाच्या १३ व्या अध्यायाशिवाय प्रकटीकरणाचीं हीं पत्रें शिकवूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग हीं पत्रें कोणास उद्देशून आहेत? नगरांस नव्हे, मंडळ्यांस. आणि आपल्या वाचकांस कदाचित् नवल वाटेल, पण योहानाच्या काळच्या त्या सात मंडळ्यांनीं बांधलेला एकही दगड या सात ठिकाणीं दाखवितां येत नाहीं. जे खांब, जीं नाट्यगृहें व देवळें यात्रेकरू पाहतात तीं बहुतेक मूर्तिपूजक नगरांचीं आहेत. ख्रिस्ती मंदिरें दिसतात तीं सर्व पुढच्या शतकांतलीं. आणि किल्ले तर बहुतेक त्याहूनही मागाहूनचे, या दोहोंच्या दगडांतून उभारलेले. ज्यांस पत्रें आलीं ते लोक कोणाच्या तरी घरीं जमत. इफिसांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं जमत, हें पौलानें लिहिलेंच आहे (१ करिंथ. १६ : १९). तंबू करणाराचें घर तें. त्यांत किती माणसें मावत असतील? आपल्या ज्या मंडळ्या अद्याप शाळेच्या खोलींत किंवा कोणाच्या ओसरीवर जमतात व त्याची थोडी लाज बाळगतात, त्यांचें सात मंडळ्यांशीं साम्य आहे; मोठ्या दगडी मंदिरांतल्या मंडळ्यांचें तितकें नाहीं.

पर्गमचा गड पाहून आमचे तरुण फारच हरखले. उभ्या कड्यावर नगर, कड्याच्या अंगास दम लागेल इतकें उभें नाट्यगृह, आणि खालीं आजचें बेर्गामा गांव. चामड्यावर लिहिण्याच्या 'पार्चमेंट' या वस्तूस नांव मिळालें तें या नगरावरून. येथें जियूसची एक प्रचंड वेदी होती. पुढें शत्रूच्या भयानें ख्रिस्ती काळांतील लोकांनीं गडास नवा तट घातला, त्यांत वेदीचे कोरीव दगड पालथे घालून चिणले. गेल्या शतकापूर्वीं त्या भागांतील लोक संगमरवर फोडून चुन्याच्या भट्ट्यांत जाळीत असत. कार्ल हुमान हा रस्ते बांधणारा जर्मन इंजिनियर. त्यानें तें पाहिलें, थांबविलें, व सन १८७८ पासून तट उकलून ते दगड काढिले आणि बर्लिनला नेले. गडावर आतां वेदीचा नुसता चौथरा असून त्यावर झाडें वाढलीं आहेत. सैतानाचें आसन तें हेंच असें कित्येक सांगतात. कित्येक म्हणतात कीं कैसरास देव मानून जें देऊळ बांधलें, तें. अंतिपाचा जीव गेला त्या काळीं कैसरापुढें धूप जाळणें ही राजनिष्ठेची खूण समजत असत, म्हणून दुसऱ्या मताकडे आमचा कल आहे.

थुवतीरेंत पाहावयास कांहींच नाहीं, आणि म्हणूनच बहुतेक यात्रेकरू तेथें पाव तासाहून अधिक थांबत नाहींत. अखिसार नांवाच्या बाजाराच्या गांवांत, दुकानांच्या मध्यें, कुंपण घातलेला एक तुकडा. त्यांत कांहीं कमानी व खांबांचे तुकडे. आम्ही मात्र तेथें सर्वांत अधिक वेळ बसलों. सातांतील या सर्वांत क्षुल्लक नगरास सर्वांत लांब पत्र आलें आहे, याचें कारण शोधलें पाहिजे. तें कारण येथील शिलालेखांत आहे. या गांवांत धंदेवाल्यांचे संघ फार होते : रंगारी, चांभार, कुंभार, भटारी, तांबट, लोंकर व ताग विणणारे. जांभळीं वस्त्रें विकणारी लुदिया याच गांवची (प्रेषित. १६ : १४). प्रत्येक संघाचा एक देव असे, आणि संघाचें जेवण त्या देवापुढें होई. जो जेवणास आला नाहीं तो संघाचा नव्हे, आणि जो संघाचा नव्हे त्याला काम कोण देणार?

हें वाचून आपल्या लोकांस तुर्कस्तानास जावें लागत नाहीं. जत्रेची वर्गणी मागावयास पंच दारीं येतात. बकऱ्याचा वांटा घरोघर पोहोंचतो. घेतला नाहीं तर सुताराचें बलुतें बंद, मांगाचें वाजंत्र बंद, आणि सुगीला खळ्यावर कोणी हांक मारीत नाहीं, अशीं उदाहरणें आपल्या जुन्या मंडळ्यांतून किती तरी आहेत. थुवतीरेंत एक बाई होती, तिला पत्रांत ईजबेल म्हटलें आहे. तिचें शिक्षण मोठें सोयीचें होतें : मूर्ति म्हणजे कांहींच नव्हे, मग तिच्यापुढचें जेवण जेवलें तर काय झालें? यांत युक्तिवाद नव्हता असें नाहीं; तशाच शब्दांनीं पौलानेंही एका जागीं आरंभ केला आहे (१ करिंथ. ८ : ४). परंतु पौल तेथून दुर्बळ बंधूकडे वळतो, आणि ही बाई जेवणाच्या पंक्तीकडे वळते. पत्र कडक आहे. तरी त्याच पत्रांत, ज्यांनीं तें शिक्षण घेतलें नाहीं त्यांच्यावर मी दुसरें ओझें घालीत नाहीं, असा अर्थ प्रभु सांगतो (२ : २४). ज्यांचा धंदा बुडत होता त्यांच्यावर आणखी वर्गणी, आणखी उपास, आणखी नियम लादले नाहींत. आमच्यांतील त्या वृद्ध उपदेशकांनीं ही ओंवी तेथें दोनदां वाचून दाखविली, व आपल्या मंडळीच्या वर्गणीच्या वहीविषयीं कांहीं बोलले, तें येथें लिहिण्याची त्यांची इच्छा नाहीं.

सार्दीसविषयीं थोडक्यांत. येथेंही गड आहे, पण तो ठिसूळ मातीचा असल्यामुळें पुष्कळसा ढांसळून गेला आहे. क्रीसस राजाची ही राजधानी. कडा इतका उभा कीं त्या बाजूस पहारा ठेवीत नसत. सन पूर्वीं ५४६ च्या सुमारास एका शिपायाचें शिरस्त्राण कड्यावरून पडलें, तें आणावयास तो उतरला व पुन्हा चढला. इराणी वेढेवाल्यांनीं तें पाहिलें व त्याच वाटेनें गड घेतला, असें हिरोडोटस सांगतो. सुमारें तीनशें तीस वर्षांनीं गड पुन्हा असाच निष्काळजीपणानें गेला. सिंहगडाचा कडा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें समजावून सांगावें लागत नाहीं. त्या नगराच्या मंडळीस जागृत हो असें लिहिलें, तें ऐकणाऱ्यांस कसें झोंबलें असेल! खालीं अर्तमीच्या देवळाचे दोन खांब पुऱ्या उंचीचे उभे आहेत, आणि त्याच्या कोपऱ्यास एक चिमुकलें ख्रिस्ती मंदिर टेंकलेलें आहे, जसें मोठ्या वाड्याच्या भिंतीस माळ्याचें झोंपडें असावें.

शेवटचें लावदिकीया. हें नगर पैशाचें, काळ्या लोंकरीचें, वैद्यांचें. सन ६० च्या धरणीकंपानंतर रोमेची मदत न घेतां त्यानें स्वतःच्या पैशानें घरें बांधलीं, असें टॅसिटस लिहितो. मला कशाची गरज नाहीं हें वाक्य त्या मंडळीनें नगरापासूनच उचललें असावें. उत्तरेस हियरापलीचे कढत झरे डोंगरावरून दिसतात, पूर्वेकडे कलस्सैकडे थंड पाणी; लावदिकीयास मात्र पाणी दुरून दगडी नळांतून येई. ते नळ आम्हीं पाहिले. आंत चुन्याचा थर इतका जाड बसला आहे कीं कित्येकांत मूठही शिरत नाहीं. सन २०१० मध्यें येथें चौथ्या शतकांतील एक मोठें ख्रिस्ती मंदिर जमिनीखालीं सांपडलें. त्याच्या फरशीवर आतां कांचेच्या वाटेनें चालतां येतें. पाहण्यासारखें आहे खरें. पण त्याच्याही तीनशें वर्षें आधीं या नगरांत नुंफा नांवाच्या एका बाईच्या घरीं मंडळी जमत असे, व पौलानें तिला सलाम सांगितला आहे (कलस्सै. ४ : १५). तिचें घर कोणी दाखवीत नाहीं.

तेथून मोटारीनें थोड्याच वेळांत कलस्सै येतें. तें सात नगरांत नाहीं, म्हणून यात्रेच्या गाड्या बहुधा तेथें वळत नाहींत. नाट्यगृह नाहीं, खांब नाहींत, किल्ला नाहीं. गवताची एक मोठी टेकडी व भोंवतालीं शेतें. याच गांवच्या फिलेमोनाच्या घरीं मंडळी जमत असे. त्याच्याकडून पळालेला अनेसिम नांवाचा दास पौलाचें पत्र घेऊन परत आला, तो याच गांवीं आला असेल. आम्हीं टेकडीवर बसून तें पत्र आरंभापासून शेवटपर्यंत वाचलें. पंचवीसच ओंव्या, फार वेळ लागला नाहीं. शेवटाजवळ पौलानें फिलेमोनास आपल्यासाठीं बिऱ्हाडाची तजवीज करून ठेवावयास सांगितलें आहे.